शोधयंत्राचा शब्द : बखर की अस्सल कागद?

‘रोवळी’ हा शब्द आज किती घरांत कळतो? तांदूळ धुवायची बांबूची टोपली. धुऊन झाले की त्यातच ते निथळत ठेवायचे. माझ्या आजोळी ती रोज वापरात होती. आता शोभेची म्हणूनही कुठे दिसत नाही. घरातल्या आणि शेतातल्या अशा हरवत चाललेल्या शब्दांची एक वही मी निवृत्तीनंतर भरायला घेतली. कणगी, इरले, पाभर, वैल, उतरंड, फडताळ. एका वहीच्या तीन वह्या झाल्या तेव्हा पुतण्या म्हणाला, “काका, कपाटात ठेवून हे कोण वाचणार?” आणि २०१६ साली त्याने मला एक छोटेसे संकेतस्थळ उभे करून दिले.

तीन वर्षांत चारशेच्या वर नोंदी झाल्या. दिवसाला शंभर-सव्वाशे लोक येत. बहुतेक सगळे गूगलवरून. कोणी ‘कणगी म्हणजे काय’ असे देवनागरीत विचारून, तर पुष्कळसे रोमन लिपीत मराठी टंकून. सातासमुद्रापलीकडून कोणी तरी आजीच्या तोंडचा शब्द शोधत येई आणि दोन ओळी लिहून जाई. माझ्यासाठी तेवढे पुरेसे होते, पण माणसाला पुरेसे कधी पुरत नाही. २०१९मध्ये मी ‘साइट वर आणून देणाऱ्या’ एका सल्लागाराला गाठले. त्याचे पहिलेच वाक्य मला अजून आठवते : “काका, गूगल जे सांगतं ना, ते भोळ्या लोकांसाठी असतं. आपण उलटं करायचं.”

त्याने उलटेच केले. प्रत्येक नोंदीत तोच शब्द पंधरा-वीस वेळा कोंबला आणि कुठून कुठून शेकडो दुवे विकत आणले. त्यांत कर्ज देणाऱ्या आणि पत्त्यांच्या जुगाराच्या साइटीही होत्या. माझ्या ‘उतरंडी’कडे जुगाराच्या पानावरून वाट येते, हे मला फार उशिरा कळले. महिना-दोन महिने आकडे वर गेले, मग ‘अनैसर्गिक दुव्यां’बद्दलची नोटीस आली आणि पाहुणे दिवसाला आठ-दहावर उतरले. सल्लागाराने फोन उचलणे बंद केले. पुढचे सहा महिने मी आणि पुतण्याने ते दुवे नाकारण्यात, कोंबलेले शब्द उपसण्यात आणि फेरविचाराचा अर्ज लिहिण्यात घालवले.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. अधिकृत मार्गदर्शन हाच वेद. गूगलचे अभियंते जाहीरपणे जे बोलतील ते मी वहीत उतरवून घेऊ लागलो. पण २०२३-२४मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्याचे कागद बाहेर आले आणि या वेदातल्याही काही ऋचा निसटत्या आहेत हे दिसले. तेव्हा प्रश्न उभा राहिला तो असा : शोधयंत्राच्या अधिकृत सल्ल्यावर संकेतस्थळाच्या मालकाने विश्वास ठेवायचा की नाही? तंत्रज्ञ मंडळी याचे उत्तर एका शब्दात देतात, आणि निम्म्यांचा तो शब्द ‘हो’ असतो, निम्म्यांचा ‘नाही’. मी इतिहासाचा शिक्षक. माझ्या सवयीने मी तो प्रश्न साधनांचा म्हणून पाहिला.

वि. का. राजवाड्यांनी १८९८मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींतली विधाने त्या त्या वेळच्या अस्सल पत्रांवर घासून दाखवली आणि बखरींचे किती तरी सोने पितळ निघाले. त्यांच्या पद्धतीचे सार वर्गात मी असे सांगत असे : कागद समोर आला की आधी विचारा, हा कोणी लिहिला, केव्हा, कोणासाठी, आणि हे लिहिण्यात त्याचा लाभ काय? बखर टाकून द्यायची नसते. मात्र पत्राच्या जागी ती बसवायची नसते. बरोबर शंभर वर्षांनी, १९९८मध्ये, सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज या दोन विद्यार्थ्यांनी स्टॅनफर्डमध्ये आपल्या शोधयंत्राची रचना सांगणारा निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या परिशिष्टात त्यांनी स्वतःच बजावले होते, की जाहिरातींवर जगणाऱ्या शोधयंत्राचा कल स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल, वाचकांच्या गरजेपासून दूर जाईल. पुढे त्यांची कंपनी जाहिरातींवरच जगली. म्हणजे ‘लाभ काय?’ हा प्रश्न विचारायला आपल्याला मूळ लेखकांनीच शिकवले आहे.

आधी एक गोष्ट कबूल करायला हवी. शोधयंत्राला सगळे सांगता येतच नाही, आणि यात लबाडी नाही. नव्वदच्या दशकातली यंत्रे पानाच्या पोटात लपवलेली ‘मेटा कीवर्ड्स’ ही शब्दांची यादी वाचत. पान कशाबद्दल आहे ते लेखकाने प्रामाणिकपणे तिथे लिहावे अशी अपेक्षा होती. हे सर्वांना कळताच लोकांनी तिथे वाटेल ते शब्द भरले आणि यादी कुचकामी झाली. २००९मध्ये गूगलच्या मॅट कट्स यांनी जाहीर केले, की क्रमवारीसाठी आम्ही ही यादी बघतच नाही. (माझ्या सल्लागाराने २०१९मध्ये तीच यादी भरून देण्याचे वेगळे पैसे लावले होते!) ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५मध्ये पतधोरणाच्या संदर्भात मांडलेला नियम इथे तंतोतंत लागू पडतो : मोजमाप हेच लक्ष्य झाले की ते मोजमाप म्हणून निकामी होते. परीक्षक प्रश्नपत्रिका आधी वाटत नाही म्हणून त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही. पण न सांगणे वेगळे आणि ‘असे काही नाहीच’ म्हणणे वेगळे. सगळा घोळ या दुसऱ्या प्रकारात आहे.

टिचक्यांचे प्रकरण घ्या. निकालांच्या यादीत लोक कोणत्या दुव्यावर टिचकी मारतात, तिथे रमतात की लगेच परततात, यावरून क्रमवारी बदलते का? वर्षानुवर्षे गूगलच्या प्रतिनिधींचा सूर ‘नाही’ असा होता. फार गोंगाट असलेली माहिती आहे, कोणीही फसवू शकेल, आम्ही प्रयोगांपुरती वापरतो, वगैरे. २०१९मध्ये जाहीर प्रश्नोत्तरांत गॅरी इलीस यांनी तर अशा सिद्धांतांना मनगढंत कचरा ठरवले. यात त्यांचा रोख होता रँड फिशकिन या विश्लेषकाकडे. फिशकिन यांनी २०१४मध्ये आपल्या अनुयायांना एक शब्दप्रयोग शोधून ठरावीक दुव्यावर टिचकी मारायला सांगितले होते आणि काही तासांत तो दुवा वर आलेला दाखवला होता. हा प्रयोग योगायोग म्हणून सोडून देण्यात आला.

२०२०च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने गूगलवर मक्तेदारीचा खटला भरला. २०२३च्या शरदात साक्षी झाल्या. गूगलच्या शोध विभागाचे उपाध्यक्ष पांडू नायक यांनी शपथेवर सांगितले, की ‘नेव्हबूस्ट’ नावाची एक प्रणाली आहे, ती मागच्या तेरा महिन्यांच्या टिचक्या लक्षात ठेवते, आणि क्रमवारीच्या महत्त्वाच्या घटकांपैकी ती एक आहे. सतरा वर्षे तिथे काम केलेले एरिक लेमन यांनी मान्य केले, की वापरकर्त्यांच्या वागण्याची माहिती क्रमवारीत वापरतो याला जाहीर दुजोरा देणे कंपनी टाळत असे. कारण, ते कळले तर लोक टिचक्यांची फसवणूक सुरू करतील. खटल्यात दाखल झालेल्या २०१६च्या एका अंतर्गत सादरीकरणात त्याहून स्पष्ट कबुली होती. त्याचा मथितार्थ असा, की मजकूर आम्हाला खरे तर समजत नाही. लोक त्याला कसा प्रतिसाद देतात ते आम्ही बघतो आणि लक्षात ठेवतो.

हे वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो होतो. ‘वाचकांसाठी उत्तम लिहा, आम्ही ते ओळखू’ हे अधिकृत सल्ल्याचे ध्रुवपद. उत्तम ओळखणारे कोणी तरी आत बसले आहे अशी माझी समजूत होती. आत बसलेला निघाला तो हॉटेलाबाहेरची गर्दी बघून जेवण चांगले असणार असे ठरवणारा पाहुणा. असा अंदाज बहुधा चुकत नाही. पण ज्या खाणावळीत अजून कोणी गेलेच नाही तिचे काय?

गंमत म्हणजे नकार देणाऱ्यांना नुसते खोटारडे म्हणता येत नाही. ‘शोध कसा चालतो’ हे सामान्यांना सांगणाऱ्या गूगलच्याच माहितीपर पानावर एक ओळ होती, की निकाल समर्पक आहेत का हे तपासायला आम्ही वापराची एकत्रित, निनावी माहिती वापरतो. एकाच दरबारातली दोन पत्रे, दोन सूर. एक जनतेसाठी, एक संकेतस्थळवाल्यांसाठी. दुसऱ्या पत्रातला नकारही वकिली पद्धतीचा होता : टिचकी हा ‘थेट’ घटक नाही. या ‘थेट’ शब्दाचा अर्थ बोलणाऱ्यालाच ठाऊक.

याच जातीचे आणखी एक प्रकरण २०२४च्या मे महिन्यात उघडे पडले. गूगलच्या आतल्या एका संग्रहाचे तांत्रिक दस्तऐवज चुकून सार्वजनिक झाले होते. सुमारे अडीच हजार पाने, चौदा हजारांहून जास्त घटकांची नावे. फिशकिन आणि माइक किंग या दोघांनी ते जगापुढे मांडले. त्यांत टिचक्यांचे ‘चांगल्या’, ‘वाईट’, ‘शेवटच्या सर्वांत लांब’ असे प्रकार होते. संपूर्ण साइटच्या अधिकाराचे माप दर्शवणारे ‘साइट ऑथॉरिटी’ हे नाव होते. आणि ‘साइटला असे एकूण वजन देणारा गुण आमच्याकडे नाही’ असे प्रतिनिधी अनेकदा सांगत आले होते. त्यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की ‘डोमेन ऑथॉरिटी’ हा गुण दुसऱ्या एका कंपनीने काढलेला आहे आणि ‘तो आम्ही वापरत नाही’ हे म्हणणे अक्षरशः खरे होते. ऐकणाऱ्याने मात्र त्याचा अर्थ ‘असे काही नाही’ असा घेतला आणि कोणी तो दुरुस्त केला नाही.

मात्र इथे बखरीवरून उठून पत्रावर आंधळा विश्वास टाकण्याचाही मोह टाळायला हवा. हे दस्तऐवज खरे असल्याचे गूगलने मान्य केले. सोबत ते जुने, अपुरे आणि संदर्भाबाहेर असू शकतात असा इशाराही दिला. तो इशारा मला पटतो. एखाद्या घटकाचे नाव यादीत आहे म्हणजे त्याला वजन आहे असे नाही. एखाद्या वाड्यात शंभर पेट्या सापडल्या म्हणून शंभरही रोज उघडल्या जात होत्या असे कोणी म्हणेल का? त्या आठवड्यात कित्येक सल्लागारांनी या यादीवरून नवी पोथी रचली आणि विकायलाही काढली.

सल्ला आणि सल्ला देणाऱ्याचा लाभ यांची गाठ सर्वांत स्वच्छ दिसते ती ‘एएमपी’च्या कथेत. २०१५मध्ये गूगलने मोबाइलवर पाने झटकन उघडावीत म्हणून ही पद्धत पुढे आणली. पाने हलकी करायची, पण त्यांनी आखलेल्या चौकटीत, आणि शोधातून येणाऱ्याला ती बहुधा गूगलच्याच साठ्यातून वाढली जायची. एएमपीमुळे क्रमवारी सुधारत नाही, असे कंपनी सतत सांगत होती. शब्दशः ते खरेच होते. फक्त मोबाइलवर क्रमवारीच्याही वर, ठळक बातम्यांची जी सरकती पट्टी दिसे तिच्यात एएमपी नसलेल्या पानाला जागा नव्हती. वृत्तपत्रांनी मुकाट्याने दुहेरी पाने बांधली. मराठी दैनिकांच्या साइटीही त्यात होत्या. २०२१मध्ये ती अट गेली आणि तो सारा खटाटोप हळूहळू अडगळीत पडला. ‘क्रमवारी’ या शब्दाची व्याख्या कोण करतो यावर सत्य अवलंबून असते, हे मला या प्रकरणाने शिकवले. युरोपीय आयोगाने २०१७मध्ये गूगलला २.४२ अब्ज युरो दंड केला तो आपल्या खरेदी-तुलनेच्या सेवेला निकालांत झुकते माप दिल्याबद्दल. २०२४मध्ये युरोपीय न्यायालयाने तो कायम केला. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगानेही २०१८च्या फेब्रुवारीत शोधातील पक्षपाताबद्दल सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता.

आणि काही सल्ला खोटा नसतो, नुसता शिळा असतो. अनेक पानांत विभागलेला लेख ‘मागचे-पुढचे’ अशा खुणांनी जोडावा, असे गूगलने २०११पासून सांगितले. लोकांनी निष्ठेने खुणा घातल्या. २०१९च्या मार्चमध्ये कंपनीने सांगितले, की काही वर्षांपूर्वीच आम्ही त्या वाचणे सोडून दिले आहे. कळवायचे राहून गेले. लेखकाची ओळख पानाला जोडण्याचीही एक योजना २०११मध्ये थाटात आली आणि २०१४मध्ये गुंडाळली गेली. कोणाच्या वाईटासाठी नव्हे. मोठ्या कचेरीत एका टेबलाला दुसऱ्या टेबलाची खबर नसते, एवढेच. सरकारी खात्यात हयात घालवलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

मग विश्वास ठेवण्यासारखे काय उरले? बरेच. गूगलचा यांत्रिक सल्ला, म्हणजे पान त्यांच्या यंत्राला सापडते कसे, वाचता येते कसे, पत्ता बदलला तर जुन्यावरून नव्याकडे वाट कशी लावायची, एकच मजकूर दोन जागी असेल तर मूळ कोणते ते कसे सांगायचे, हा मला आजवर क्वचितच चुकीचा आढळला. तिथे त्यांचा आणि माझा लाभ एकच आहे : पान न वाचता आले तर त्यांचेही नुकसान. जाहिरात विकत घेतल्याने मूळ निकालांत वर जाता येत नाही, हे त्यांचे म्हणणेही मी खरे मानतो. आणि त्यांच्या मनाया तर अक्षरशः मानाव्यात. २०११मध्ये ‘जेसी पेनी’ या अमेरिकेतल्या प्रचंड दुकानसाखळीचे विकतच्या दुव्यांचे जाळे न्यूयॉर्क टाइम्सने उघड केले, आणि पहिल्या क्रमांकावरची ती कंपनी कित्येक शब्दांसाठी कुठल्या कुठे फेकली गेली. २००६मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइट निकालांतून काढली गेली होती. २०१२च्या जानेवारीत तर गूगलने आपल्याच क्रोम ब्राउजरच्या पानाला विकतच्या दुव्यांपायी साठ दिवसांची शिक्षा दिली. मनाई मोडणारा प्रत्येक जण सापडतो असे नाही. माझ्यासारखा लहान माणूस सापडला तर त्याला उठायला दोन वर्षे लागतात आणि जेसी पेनीला काही महिने, एवढा फरक.

मला विचाराल तर अधिकृत नकार मी आता फक्त बोलणाऱ्याच्या नेमक्या शब्दांपुरता खरा मानतो, त्यापलीकडे एक पाऊलही नाही. शपथेवर दिलेली साक्ष आधी, आतला कागद त्यानंतर, जाहीर निवेदन त्यानंतर, आणि सल्लागाराचा फोन सर्वांत शेवटी. ‘वाचकांसाठी लिहा’ हे वाक्य मी यंत्राचे वर्णन म्हणून वाचत नाही. यंत्र कसे व्हावे याबद्दलची ती त्यांची इच्छा आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगल मक्तेदार असल्याचा निकाल दिला, आणि २०२५च्या सप्टेंबरमधल्या उपायांच्या आदेशात वापरकर्त्यांच्या वागण्याची काही माहिती प्रतिस्पर्ध्यांना देण्यास सांगितले. ज्या टिचक्यांना क्रमवारीत स्थान नव्हते, त्या वाटून घेण्यासाठी न्यायालयाला आदेश काढावा लागला!

माझ्या साइटीवर आता दिवसाला साठ-सत्तर लोक येतात. सल्लागाराने कोंबलेले शब्द निघाले. नोंदीच्या शेवटी रोमन लिपीतला उच्चार मात्र मी एकदा देतो, कारण लोक खरेच तसे शोधतात. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या पोर्टलने माझ्या तीस-चाळीस नोंदी जवळजवळ शब्दशः उचलल्या. पत्र लिहिले, उत्तर नाही. त्यांच्या साइटीचे वजन, त्यांच्याकडची गर्दी, हे सगळे आता मला कागदावरून समजते. ‘रोवळी’ शोधले तर ते पहिल्या जागी असतात आणि मी सहाव्या. गेल्या महिन्यात चिपळूणच्या एका बाईंनी मला कळवले, की त्या पहिल्या पानावर रोवळी म्हणून सुपाचे चित्र लावले आहे. त्यांनी खाली स्क्रोल करत करत माझी नोंद गाठली होती, आणि सोबत त्यांच्या माळ्यावरच्या रोवळीचा फोटो पाठवला होता. तळाशी दोन कामट्या तुटलेल्या आहेत. तो मी नोंदीत लावला आहे.